गिमवीचा कृमी: गुहागर तालुक्यातील एका गावाने परजीवीशास्त्राला घातलेले कोडे

आजचा धागा किल्ल्याचा नाही, तहाचा नाही, कोणत्या घराण्याच्या वंशावळीचाही नाही. तो रत्नागिरी जिल्ह्यातील गुहागर तालुक्यातल्या गिमवी या गावाचा आणि जेमतेम एक-दोन सेंटिमीटर लांबीच्या एका चपटकृमीचा आहे. धागा लांब आहे आणि शेवटाकडे तो इतिहासातून थेट रेणूंच्या जगात शिरतो. धीर धरावा.

१९५२ साली ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल सायन्सेस’ या नियतकालिकात आर. के. गाडगीळ आणि एस. एन. शहा या संशोधकांचा चार पानांचा एक निबंध प्रसिद्ध झाला. त्यातील प्रतिपादन थोडक्यात असे होते: मुंबई राज्यात मानवी शिस्टोसोमियासिसचे स्थानिक केंद्र आढळले आहे. हा रोग परदेशातून परतलेल्या प्रवाशांच्या अंगातून आलेला नव्हता. तो गावातल्या गावात, गावच्याच पाण्यातून माणसांना जडत होता. ते गाव म्हणजे गिमवी.

या विधानाने तज्ज्ञांच्या भुवया का उंचावल्या हे समजण्यासाठी रोगाची ओळख करून घ्यावी लागेल. मूत्राशयाच्या शिस्टोसोमियासिसचे, म्हणजेच जुन्या नावाने बिलहार्झियाचे, मुख्य लक्षण लघवीतून रक्त जाणे हे होय. आपल्याकडे लघवीची जळजळ झाली की ‘उन्हाळी लागली’ असे म्हणतात आणि धण्या-जिऱ्याचे पाणी पाजतात. लघवी लालसर झाली तरी ती उन्हाच्या माथी मारणे सोपे असते. शिवाय हे दुखणे चारचौघांत बोलण्याजोगे नाही. असा रोग वर्षानुवर्षे एखाद्या गावात राहिला आणि सरकारी दप्तरात त्याची नोंदही झाली नाही, यात नवल नाही. नवल होते ते निराळेच. हा रोग नाईलच्या काठचा, आफ्रिकेचा आणि पश्चिम आशियाचा. भारतात तो मुक्काम करू शकत नाही, असा निर्वाळा शास्त्राने त्याआधी जवळजवळ देऊन टाकला होता.

इजिप्तशी या रोगाचे नाते फार जुने आहे. १९१० साली मार्क आर्मांड रफर यांनी विसाव्या राजवंशाच्या काळातील ममींच्या मूत्रपिंडांत या कृमीची चुन्याने कडक झालेली अंडी दाखवली, म्हणजे हा रोग किमान तीन हजार वर्षांचा. नेपोलियनच्या इजिप्त मोहिमेतील फ्रेंच शिपायांनाही लघवीतून रक्त जाण्याचा त्रास झाला होता. मात्र कारण सापडले ते १८५१ साली. कैरोच्या कस्र-अल-ऐनी रुग्णालयात थिओडोर बिलहार्झ हा तरुण जर्मन वैद्य शवविच्छेदन करीत असता त्याला यकृताकडे रक्त नेणाऱ्या शिरेत पांढुरके कृमी दिसले. नीट पाहता त्यांतील नर चपटा असून त्याच्या शरीराला लांबीभर पन्हळीसारखी खोबण होती आणि त्या खोबणीत सडसडीत मादी जणू कुशीत घेतल्यासारखी बसलेली होती. ही जोडी वर्षानुवर्षे तशीच राहते. हे दृश्य लक्षात ठेवावे, पुढे त्याचे काम पडणार आहे.

कृमी सापडला, पण तो माणसाच्या अंगात शिरतो कसा, हे कळायला आणखी साठ वर्षे लागली. १९१३ साली जपानमध्ये मियाइरी आणि सुझुकी यांनी तिकडच्या शिस्टोसोमाची अळी गोगलगायीत वाढते हे सिद्ध केले. १९१५ साली ब्रिटिश सैन्याच्या कामासाठी इजिप्तला गेलेल्या रॉबर्ट लायपर यांनी तेथील कृमींचेही तेच चक्र उलगडले. रुग्णाच्या लघवीतून अंडी पाण्यात पडतात. अंड्यातून निघालेली केसाळ अळी काही तासांत योग्य जातीची गोगलगाय गाठते, नाहीतर मरते. गोगलगायीत तिची संख्या प्रचंड वाढते आणि शेवटी दुभंगलेल्या शेपटीच्या अळ्या, म्हणजे सर्केरिया, पाण्यात सुटतात. त्या पाण्यात पाय बुडवून उभ्या असलेल्या माणसाची शाबूत कातडी भेदून त्या आत शिरतात. पाणी पिण्याची गरज नाही, जखम असण्याचीही नाही. धुणे धुणारी बाई आणि डुंबणारी पोरे त्यांना पुरेशी असतात.

या साखळीतील कळीचा शब्द म्हणजे ‘योग्य जातीची’. आफ्रिकेत मूत्राशयाच्या शिस्टोसोमाला, म्हणजे शिस्टोसोमा हिमॅटोबियमला, बुलिनस वंशाची गोगलगाय लागते. आणि बुलिनस भारतात नाही.

येथे कथा मुंबईत येते. पहिल्या महायुद्धात हजारो हिंदी शिपाई इजिप्त, मेसोपोटेमिया आणि पूर्व आफ्रिकेत लढले. त्यांत कोकणातले शिपाईही पुष्कळ होते. रत्नागिरी हा सैन्यभरतीचा जुनाच जिल्हा. हे लोक परत येताना अंगात कृमी घेऊन आले तर इथल्या तळ्या-ओढ्यांत रोग पसरेल काय, ही सरकारची खरी धास्ती होती. परळच्या मुंबई बॅक्टेरियॉलॉजिकल लॅबोरेटरीत (तीच १९२५पासून हाफकिन इन्स्टिट्यूट) ग्लेन लिस्टन आणि एम. बी. सोपारकर या कामाला लागले. १९१८ साली त्यांनी शिस्टोसोमा स्पिंडाले या कृमीचे जीवनचक्र दाखवून दिले. हा कृमी गुराढोरांचा, आणि त्याची अळी वाढते ती आपल्या डबक्यांत सर्वत्र आढळणाऱ्या इंडोप्लॅनॉर्बिस या चकतीसारख्या शंखाच्या गोगलगायीत. सोपारकरांचे नाव आज कोणाच्या फारसे ओठी नाही. परळच्या प्रयोगशाळेत बसून दुभंगलेल्या शेपटीच्या अळ्यांची बारकाईने चित्रे काढणाऱ्या या संशोधकावर खरे तर एक स्वतंत्र धागा व्हायला हवा.

दुसरीकडे नेल्सन ॲनानडेल यांच्या प्राणिशास्त्रीय सर्वेक्षण विभागातील मंडळींनी भारतातल्या गोगलगायी तपासल्या. दिलासा देणारे उत्तर मिळाले: गुरांचे शिस्टोसोमा इथे आहेत, पण माणसाच्या शिस्टोसोमाला थारा देणारी गोगलगाय दिसत नाही. (गुरांच्या कृमींबाबत भारत गरीब नव्हताच. १९०६ साली माँटगोमेरी यांनी स्पिंडाले आणि इंडिकम या दोन जातींचे वर्णन केले होते; पुढे १९३०च्या दशकात मद्रास प्रांतात एम. ए. एन. राव यांनी गुरांच्या नाकातील शिरांत राहणारी तिसरी जात शोधली, जिच्यामुळे बैल चक्क घोरतात.) भाताच्या खाचरात उभे राहिल्यावर पायांना सुटणारी खाजही पुष्कळदा याच गुरांच्या कृमींच्या अळ्यांची करामत असते. त्या माणसाच्या कातडीत शिरतात खऱ्या, पण तिथेच मरतात. पुढे त्यांची डाळ शिजत नाही.

अशा पार्श्वभूमीवर १९५२ साली गिमवीचा निबंध आला. गावात रोग आहे, तर गावात गोगलगायही असलीच पाहिजे. ती कोणती?

गाडगीळ आणि शहा यांचे पुढील काम १९५५ साली ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च’मध्ये आले आणि त्यांनी बोट ठेवले ते फेरिसिया टेन्युइस या जीवावर. हा शंख पेचदार नसतो. उपडी ठेवलेली चिमुकली टोपी जणू. तांदळाच्या दाण्याहूनही लहान, ओढ्यातल्या दगडांना आणि पाण्यात पडलेल्या पानांच्या खालच्या अंगाला चिकटलेला. कोकणातले पऱ्हे पावसाळ्यात दुथडी भरून वाहतात आणि शिमग्यानंतर डबक्याडबक्यांत तुटून पडतात. माणसे, गुरे, धुणे, अंघोळ, सारे त्याच उरलेल्या पाण्यावर येते. एवढासा शंख तिथे शोधायचा, ओळखायचा आणि कृमीच्या अळीने तो बाधित होतो हे प्रयोगाने दाखवायचे, हे काम चिकाटीचे होते. तोवर फेरिसियासारख्या शंखावर मानवी शिस्टोसोमाच्या यजमानपदाचा आरोप कोणी केलेला नव्हता. साहजिकच शंका घेतल्या गेल्या. शंका दुहेरी होती: हा शंख खरोखरच यजमान आहे काय, आणि मुळात गिमवीचा कृमी आफ्रिकेतला हिमॅटोबियमच आहे, की त्याचा एखादा वेगळा भाऊबंद?

माझ्या मते या शंकांत दोन गोष्टींची गल्लत झाली. बुलिनस नाही म्हणून रोग अशक्य, हा तर्क जगात इतरत्रही खोटा ठरलेला होता. पोर्तुगालच्या दक्षिण टोकाला अल्गार्व्ह प्रांतात हाच रोग विसाव्या शतकात काही काळ नांदला आणि तिथेही यजमान बुलिनस नव्हता, निराळ्याच वंशाची गोगलगाय होती. परंतु फेरिसियाचा पुरावा आणखी अनेक हातांनी तपासला जायला हवा होता, हेही तितकेच खरे. विज्ञानात एका गावाचा एकच साक्षीदार पुरत नाही. १९६३ साली गाडगीळांनी या विषयाचा पुन्हा आढावा घेतला आणि १९८१ साली हाफकिनच्या बी. बी. गायतोंडे आणि सहकाऱ्यांनी गिमवीतील पाहणी प्रसिद्ध केली. परजीवीशास्त्राच्या ग्रंथांत भारतातील मानवी शिस्टोसोमियासिसचा विषय निघाला की आजही गिमवीचे नाव येतेच.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. एखादा कृमी एका शरीरात फोफावतो आणि दुसऱ्यात मरतो, असे का? गाडगीळ-शहांच्या काळात याचे उत्तर ‘अनुकूलता’ या एका गोल शब्दात दिले जाई. त्या शब्दाच्या आत काय दडले आहे हे हळूहळू उलगडू लागले ते शतकाच्या अखेरीस, आणि ती वाट सुरू झाली एका अगदी वेगळ्या प्रयोगशाळेतून.

अमेरिकेत स्टॅन्ली कोहेन हे उंदरांच्या लाळग्रंथींचा अर्क नवजात पिलांना टोचत असता पिलांचे डोळे वेळेआधीच उघडतात असे त्यांना दिसले. त्यातून १९६२ साली त्वचेच्या पेशींना वाढीचा आदेश देणारे एक प्रथिन हाती आले: एपिडर्मल ग्रोथ फॅक्टर, आपण त्याला ‘वृद्धिघटक’ म्हणू. १९८६ साली कोहेन यांना रीटा लेव्ही-मॉन्टालचिनी यांच्यासह नोबेल मिळाले. वृद्धिघटक हा रक्तातून आणि ऊतींतून फिरणारा सांगावा असतो. तो वाचण्यासाठी पेशीच्या आवरणात आरपार रोवलेले ग्राही प्रथिन लागते. त्याचे एक टोक पेशीबाहेर, दुसरे आत. बाहेरच्या टोकाला सांगावा चिकटला की आतले टोक जागे होते आणि फॉस्फेटचे तुकडे एकामागून एका प्रथिनाला जोडत निरोप केंद्रकापर्यंत पोहोचवते: वाढ, दुभंग, प्रथिने तयार कर. ग्राही नसेल तर सांगावा दारावरूनच परत जातो.

१९९२ साली चार्ल्स शूमेकर आणि सहकाऱ्यांनी शिस्टोसोमा मान्सोनी या जातीत या ग्राहीचाच भाऊबंद सापडल्याचे जाहीर केले. कृमीला स्वतःच्या पेशींचे नियमन करायचे असतेच, तेव्हा असे प्रथिन असणे स्वाभाविक. खरा प्रश्न पुढचा होता: कृमीचे हे ग्राही प्रथिन माणसाचा सांगावा वाचू शकते काय? फ्रान्समधील लील शहरात पाश्चर इन्स्टिट्यूटमधील कोलेट डिसूस यांच्या गटाने २००४ साली त्याचे उत्तर दिले. त्यांनी कृमीचे ग्राही प्रथिन बेडकाच्या अंडपेशीत तयार करवून घेतले आणि त्यावर मानवी वृद्धिघटक सोडला. अंडपेशी जागी झाली. मग कृमीच्या अळ्यांवरच तो प्रयोग केला, तेव्हा त्यांच्या अंगातील डीएनए आणि प्रथिनांची निर्मिती वाढली. माणसाचे शरीर स्वतःच्या जखमा भरण्यासाठी, स्वतःची कातडी नवी ठेवण्यासाठी जो निरोप पाठवते, तो हा उपरा मधल्या मधे वाचून स्वतःच्या वाढीला लावू शकतो.

इन्शुलिनचेही तेच. २००७ साली याच गटाने मान्सोनीत इन्शुलिनचे दोन ग्राही दाखवले. एक कृमीच्या बाह्य आवरणात, जिथून साखर आत घेतली जाते, आणि दुसरा आतल्या ऊतींत. प्रौढ शिस्टोसोमा साधारण पाच तासांत आपल्या कोरड्या वजनाइतके ग्लुकोज फस्त करतो, ही माहिती १९५०पासून ज्ञात होती. एवढी भूक असलेल्या प्राण्याने यजमानाच्या रक्तातील साखरेवर आणि इन्शुलिनवर कान ठेवावा, यात आश्चर्य ते काय!

२०१३ साली आणखी एक गाठ सुटली. हे कृमी माणसाच्या रक्तात वर्षानुवर्षे, प्रसंगी दशकांपर्यंत कसे टिकतात? जेम्स कॉलिन्स आणि फिलिप न्यूमार्क यांच्या गटाने प्रौढ कृमीत सतत विभागत राहणाऱ्या मूळपेशी दाखवल्या. या पेशींच्या अंगावर आणखी एका वृद्धिघटकाचा, फायब्रोब्लास्ट ग्रोथ फॅक्टरचा, ग्राही असतो. त्या ग्राहीचे जनुक मुके केले की या मूळपेशी कमी होत जातात. कृमीच्या दीर्घायुष्याची शिदोरी इथे आहे.

आणि बिलहार्झने पाहिलेली ती जोडी? मादी एकटी राहिली तर ती खुरटी राहते, तिचा अंडाशय परिपक्व होत नाही. नराच्या खोबणीत शिरल्यावरच ती अंडी घालू लागते. २०२२ साली कॉलिन्स यांच्याच गटाने दाखवले की नर एक लहानसा रेणू तयार करतो आणि तोच मादीच्या वाढीचा इशारा ठरतो. हा वृद्धिघटक नव्हे, पण रीत तीच: बाहेरून निरोप आल्याशिवाय वाढ नाही. यजमान, जोडीदार आणि स्वतःच्या पेशी अशा तिन्ही बाजूंच्या निरोपांवर या प्राण्याचे आयुष्य बेतलेले आहे.

रुग्णासाठी हे सारे महत्त्वाचे आहे, कारण रोग करतात ती अंडी. प्रौढ कृमी त्या मानाने निरुपद्रवी. लघवीवाटे बाहेर न पडलेली अंडी मूत्राशयाच्या भिंतीत रुततात, तिथे सूज आणि व्रण होतात. १९९४ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने शिस्टोसोमा हिमॅटोबियमच्या संसर्गाला मूत्राशयाच्या कर्करोगाचे निश्चित कारण म्हणून नोंदवले. मादी परिपक्व झालीच नाही, तर कृमी जिवंत राहूनही रोग जवळजवळ निष्प्रभ होईल. आज सारी भिस्त १९७०च्या दशकातील प्राझिक्वांटेल या एकाच औषधावर आहे, आणि कृमी लहान वयाचा असेल तर तेही नीट चालत नाही.

म्हणून संशोधकांनी कर्करोगाच्या औषधांकडे पाहिले. वृद्धिघटकांचे निरोप अडवणारी औषधे तिथे तयारच होती. २०१० साली जर्मनीतील गीसन येथे स्व्हेन्या बेकमन आणि क्रिस्टोफ ग्रेव्हेल्डिंग यांनी रक्ताच्या कर्करोगावरील इमॅटिनिब हे औषध काचपात्रातील कृमींवर वापरले आणि कृमी मेले. मोठी आशा निर्माण झाली. परंतु बाधित प्राण्यांना ते दिल्यावर परिणाम दिसेना. कारण नंतर कळले: रक्तातील अल्ब्युमिनसारखी प्रथिनेच औषधाला धरून ठेवतात. आता अधिक लक्ष आहे ते ‘व्हीनस कायनेज’ या नावाच्या, माणसात मुळीच नसलेल्या ग्राहींवर. कीटकभक्षी व्हीनस फ्लायट्रॅपच्या पानासारखी त्यांच्या बाहेरच्या टोकाची घडण, म्हणून हे नाव. शिस्टोसोमात ते जननेंद्रियांत काम करतात. ते अडवले तर अंडाशय विस्कळीत होतो आणि माणसाच्या पेशींना तसले ग्राहीच नसल्याने धक्का लागण्याचे भय कमी.

हे सगळे काम आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेतील मान्सोनीवरचे आहे, गिमवीच्या कृमीवरचे नाही, याचे भान ठेवले पाहिजे. हिमॅटोबियमचा जनुकसंच २०१२ साली वाचला गेला आणि या ग्राहींची कुळे शिस्टोसोमांत सामायिक आहेत. पण गोगलगायीच्या बाजूचा हिशेब अजून पुष्कळ बाकी आहे. तिच्या अंगातही अळीला निरोप वाचावे लागतात, तिच्या प्रतिकारशक्तीला चकवावे लागते. सस्तन प्राण्यांचे वृद्धिघटक एकमेकांशी बरेच मिळतेजुळते असतात, गोगलगायींच्या जाती मात्र या कृमींच्या बाबतीत फार चोखंदळ ठरतात. म्हणूनच फेरिसियाचा प्रश्न आजही केवळ स्थानिक कुतूहलाचा नाही.

असा प्रश्न सोडवता कसा येतो याचे उदाहरण मात्र अलीकडचे आहे. २०१४ साली फ्रान्सच्या कोर्सिका बेटावर कावू नावाच्या डोंगरी नदीत पोहलेल्या लोकांच्या लघवीतून रक्त जाऊ लागले. शंभराहून अधिक लोक बाधित निघाले. युरोपात हा रोग नाही, असे तिथेही गृहीत धरलेले होते. रुग्णांकडून मिळालेल्या अंड्यांतील डीएनए तपासला तेव्हा कृमीचा उगम पश्चिम आफ्रिकेतील सेनेगलच्या बाजूचा ठरला. एवढेच नव्हे, तर तो शुद्ध हिमॅटोबियम नसून गुरांच्या बोव्हिस या जातीशी झालेला त्याचा संकर निघाला. नदीतली गोगलगाय आधीपासून तिथेच होती; कोणीतरी प्रवासी कृमी घेऊन आला आणि पाण्यात उतरला, एवढे पुरले.

१९५२ साली गाडगीळ आणि शहा यांच्या हाती सूक्ष्मदर्शक होता आणि अंड्याचा आकार होता. हिमॅटोबियमच्या अंड्याला टोकाशी काटा असतो, मान्सोनीच्या अंड्याला बाजूला. जात ओळखण्याची तेव्हाची मुख्य खूण हीच. ज्या देशात गुरांचे तीन-तीन शिस्टोसोमा नांदतात आणि ज्या गावात माणसे व गुरे एकाच पाण्यावर येतात, तिथल्या कृमीसाठी ही खूण तोकडी पडते. गिमवीचा कृमी महायुद्धाच्या बोटीतून उतरला, त्याहून जुन्या अरबी समुद्राच्या व्यापारातून आला, की इथल्याच एखाद्या गुरांच्या कृमीशी त्याचे रक्ताचे नाते आहे, हे सांगण्याची ताकद अंड्याच्या काट्यात नाही. ती डीएनएत आहे. एखाद्या जुन्या काचपट्टीवर किंवा औषधात ठेवलेल्या एखाद्या टोपीसारख्या शंखात त्याचा वाचण्याजोगा तुकडा मिळाला, तर कोर्सिकात झाले ते गुहागर तालुक्यातही करता येईल.